गवळाऊ गाय आणि वाटला गेलेला अभ्यास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्णा वर्षातून एकदा देशभरच्या बातम्यांत येते. ज्या बैलाचा पोळा, त्याची विचारपूस मात्र होत नाही. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील पांढुर्णा व सौसर हे तालुके गवळाऊ जातीच्या मूळ पट्ट्यालगत येतात. वर्धा, नागपूर आणि सीमेपलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट असा हा पट्टा. पांढऱ्या-राखाडी रंगाची, लांबट तोंडाची, हलक्या चणीची ही जात. तिचे बैल चपळ चालीसाठी नावाजलेले. मराठा फौजांचे सामान ते वाहत, असे परंपरा सांगते. दूध मात्र एका वेतात सुमारे 600 किलो. जर्सी व होल्स्टीनच्या संकरापुढे हा आकडा टिकला नाही, आणि ट्रॅक्टर आल्यावर बैलाचेही मोल घसरले.

अशा जातीचे जतन एका विषयाच्या आवाक्यातले नाही. पशुवैद्यक महाविद्यालयांत मात्र पशुआनुवंशिकी व पैदास, पशुपोषण, पशुधन उत्पादन व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण हे विभाग स्वतंत्र असतात. एक वळू निवडतो, दुसरा चाऱ्याचा हिशेब मांडतो. अध्ययनाच्या सखोलतेसाठी ही विभागणी योग्यच. अडचण काळाची आहे. वळूची खरी पारख त्याच्या लेकींच्या दुधावरून होते. लेक जन्मून, वाढून, व्यायला चार-एक वर्षे लागतात. पुढे वेताची नोंद. पदव्युत्तर प्रबंध दोन वर्षांत संपतो. नोंदी सलग ठेवणारा कळप नसेल, तर प्रत्येक विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्यापासून मोजणी करावी लागते.

त्यात राज्यसीमेची भर. 1956 पर्यंत नागपूर, छिंदवाडा व जबलपूर एकाच प्रांतात होते. आज नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ एका सरकारचे, तर जबलपूरचे नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठ दुसऱ्याचे. सौसरच्या पशुपालकाला नागपूर कितीतरी जवळ, त्याची घरची भाषाही मराठी; पण कागदोपत्री तो जबलपूरचा, आणि तिकडचे विस्तार साहित्य हिंदीत. वर्ध्याच्या हेटीकुंडी येथे गवळाऊचे शासकीय पैदास केंद्र आहे, तेही सीमेच्या अलीकडे. गाईला ही सीमा ठाऊक नाही. वळूच्या रेतमात्रेच्या वाटपाला मात्र ती पक्की ठाऊक आहे!

गोमंतकाची श्वेतकपिला या बाबतीत सुदैवी ठरली. तिचा प्रदेश बहुतांशी एका राज्यात, आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने अभ्यास केल्यावर कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. गवळाऊची नोंद फार पूर्वीपासून आहे. तिला हवी आहे ती दोन्ही विद्यापीठांची सामाईक कळपवही, जिच्यात सौसरची गाय आणि आर्वीची गाय एकाच पानावर येतील.