पांडवांची एक रात्र आणि सामि सुताराचा दरवाजा

कार्ल्याच्या पायऱ्या चढताना एक गोष्ट हमखास कानावर येते. पांडव वनवासात इथे आले, देवीने त्यांची परीक्षा घेतली, एका रात्रीत मंदिर बांधायला सांगितले आणि त्यांनी ते बांधले. ऐकणारे मान डोलावतात आणि पुढे जातात. चैत्यगृहात शिरतात, स्तूपासमोर फोटो काढतात, खाली उतरतात. भिंतीवर काय कोरले आहे ते कुणी विचारत नाही.

मित्रांनो, ही गोष्ट निरुपद्रवी नाही. एका रात्रीत झालेल्या कामाला मजूर लागत नाही, कारागीर लागत नाही, दाताही लागत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगर फोडला, त्यांची नावे एका रात्रीत पुसली जातात.

पण ती नावे दगडावर शाबूत आहेत. हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असा लेख व्हरांड्यात आहे. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातले बनवासी. दरवाजाचे काम धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने केले. तो वेणुवासाचा मुलगा, हेही तिथेच लिहिले आहे. धेनुकाकटचाच सिंहदत्त हा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, तोही दाता आहे. अनेक खांब यवनांनी दिले. महादेवणकाची आई भायिला हिचे दान आहे, भिक्खुणी कोडी हिचेही आहे. सुतार, व्यापारी, परदेशी, गृहिणी, भिक्खुणी असे सगळे एका स्तूपाभोवती एकत्र आले. इथल्या भिक्खुसंघाला करजिक गाव दिल्याची सातवाहन राजाची आज्ञा आहे, ती 'मामाल' इथल्या अमात्याला उद्देशून आहे. मामाल म्हणजे आपले मावळ. मावळचा इतिहास किल्ल्यांपासून सुरू होतो असे शिकवणाऱ्यांनी हा लेख एकदा वाचावा.

आता थोडे आपल्याविषयी. पांडवांच्या कथेवर हसणारे आपल्यातलेच काही जण 'एकवीरा म्हणजे महामाया' असे छातीठोकपणे सांगतात. पुरावा विचारला की मोबाईलवर आलेला मेसेज दाखवतात. दंतकथेला दुसरी दंतकथा हे उत्तर नाही. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी पंढरपूरच्या विठ्ठलाविषयी आपले मत मांडले, पण ते ग्रंथ लिहून सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच वेळी स्वतःवर घेतली. तो ग्रंथ पूर्ण होण्याआधीच ते गेले. आपण मात्र त्यांचे मत उचलले आणि जबाबदारी तिथेच ठेवली.

दुसरी चूक याहून मोठी. चैत्रात कोकणातून पालखी घेऊन येणारे कोळी आणि आगरी बांधव आपले शत्रू नाहीत. दर्शनाला येणाऱ्या मावशीशी वाद घालून काय मिळणार? तिला म्हणा, "मावशी, या दोन मिनिटं, सुताराचं नाव दाखवतो." पायथ्याच्या वेहेरगावच्या नावात 'विहार' आहे, असे अभ्यासक मानतात, तेही सांगा. ज्याने दरवाजा केला तो तुमच्या-आमच्यासारखा हाताने काम करणारा माणूस होता, हे कळल्यावर ती लेण्याकडे वेगळ्या नजरेने पाहील. आपली भांडणे कथा रचून सत्ता टिकवणाऱ्यांशी आहेत, श्रद्धेने डोंगर चढणाऱ्यांशी नाहीत.

म्हणून धम्मलिपी शिका. अक्षरे थोडी आहेत, नेटाने बसलात तर महिन्याभरात ओळखता येतात. वंदना झाली की लगेच परतू नका. मळवलीहून भाज्याला जा. तिथे चौदा स्तूपांचा समूह आहे आणि काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी थेरांची नावे आहेत. बेडशाला जा. अरण्यात राहणाऱ्या, भिक्षेवर जगणाऱ्या गोभूतींचा स्तूप त्यांच्या शिष्याने उभारल्याचा लेख तिथे आहे. अक्षरांवर खडू, तेल किंवा गुलाल लावू नका आणि कुणाला लावूही देऊ नका. वही घ्या आणि उतरवून आणा.

पांडवांची कथा सांगणाऱ्याला घोषणेने उत्तर देऊ नका. त्याला हाताला धरून भिंतीपाशी न्या आणि सामिचे नाव मोठ्याने वाचून दाखवा.

जय भीम. नमो बुद्धाय.