ओरडली नाही म्हणजे दुखलं नाही?

तांबी बसवताना बाई ओरडली नाही, म्हणजे तिला फारसं दुखलं नाही, असा हिशेब आपल्या दवाखान्यांत मुरलेला आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या वारली, कोकणा, दुबळा बायकांच्या बाबतीत तर त्याला कौतुकाची झालरही लागते: या बायका काटक, भाताच्या खाचरात दिवसभर वाकतात, घरी बाळंत होतात, त्यांना चिमट्याचं काय? हे कौतुक मला घातक वाटतं. सायवनहून किंवा उधव्याहून जीप बदलत आलेली, घरी वारलीत बोलणारी बाई परक्या खोलीत कमरेखाली उघडी होऊन टेबलावर पडलेली असते. समोरच्याला काय म्हणायचं आणि कोणत्या भाषेत, हेच तिला सुचत नाही. त्या गप्प राहण्यावरून दुखणं मोजायचं कसं? बोलत्या बायकांचं दुखणंही डॉक्टरांना नीट मोजता येत नाही. अमेरिकेत २०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, गर्भाशयात साधन बसवताना बायकांनी आपली सर्वांत तीव्र वेदना शंभरात सरासरी सुमारे ६५ सांगितली. बसवणाऱ्यांचा अंदाज होता ३५.

दुसरा युक्तिवाद शास्त्राच्या नावाने येतो: गर्भपिशवीच्या तोंडाला संवेदनाच नसते. लैंगिकतेचे अमेरिकी संशोधक किन्सी यांच्या १९५३ च्या ग्रंथातली निरीक्षणं त्यासाठी वर्षानुवर्षं पुढे केली गेली. पण ती मुख्यतः हलक्या स्पर्शाविषयी होती. चिमट्याने तोंड पकडून ओढणं आणि आत सळई घालून खोली मोजणं हा हलका स्पर्श नाही. तोंडाकडच्या नसा माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतून येतात, पिशवीच्या वरच्या भागाच्या नसा पाठीच्या कण्यात त्याहून वर पोचतात. म्हणून एका उपायाने सगळं दुखणं जात नाही. 'आधी एक गोळी दिली की झालं' हेही त्यामुळेच पुरेसं नाही. आयबुप्रोफेनने नंतरचे पेटके कमी होतात. तांबी बसतानाच्या कळेवर त्या गोळीचा फारसा परिणाम दिसलेला नाही. पिशवीच्या तोंडाभोवती लिग्नोकेन टोचून जागा बधिर केली, तर मात्र फरक पडतो. मूल न झालेल्या बायकांवरच्या २०१८ च्या चाचणीत वेदनेचा मध्यांक ५४ वरून ३३ वर आला. बाळंतपण झालेल्यांत मुळात कळ कमी असते आणि पुरावाही तितका ठाम नाही, हे मान्य. पण त्यावरून बाईला न विचारताच उपाय नाकारायचा अधिकार मिळत नाही. गर्भपातासाठी पिशवी साफ करण्याबाबत तर शंकेला जागाच नाही. १४ आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताच्या शस्त्रक्रियेत वेदनाशामक औषध आणि हेच इंजेक्शन द्यावं, सरसकट पूर्ण भूल देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ चं मार्गदर्शन सांगतं.

'तालुक्याला भूलतज्ज्ञ कुठून आणायचा?' हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो तो त्यामुळेच. बाळंतपणानंतर टाके घालताना जी लिग्नोकेनची बाटली उघडतात, तीच इथे लागते. दोन टक्क्यांचं औषध सलाइनमध्ये निम्मं पातळ केलं की एक टक्क्याचं होतं. शिकलेला हात, टोचण्याआधी सुई रक्तवाहिनीत नाही ना याची खात्री, आणि वजनकाटा एवढं हवं. वजनकाटा मुद्दाम म्हणतो: किलोमागे साडेचार मिलिग्रॅम ही मर्यादा धरली, तर ४० किलोच्या बाईला १८ मिलिलिटरच्या पुढे जाता येत नाही, आणि या पट्ट्यात अशा किडकिडीत बायका पुष्कळ. इथे सिकलसेलचा आजारही आहे. तो असेल तर वेदनाशामक गोळी निवडतानाही मूत्रपिंडाचा विचार करावा लागतो.

उरतो तो सर्वांत पटण्यासारखा आक्षेप: आधी सगळं सांगितलं तर बाई घाबरते, आणि घाबरलेल्या बाईला जास्त दुखतं. यातला दुसरा भाग खरा आहे. पण न सांगितल्याने भीती जात नाही. ती पाड्यावर जाऊन दुप्पट होते. १९६५ साली देशभर लूप, म्हणजे तांबीच्या आधीचं गर्भाशयात बसवायचं साधन, आलं तेव्हा रक्तस्राव आणि दुखणं याबद्दलच्या तक्रारी फारशा मनावर घेतल्या गेल्या नाहीत. अफवा पसरल्या आणि काही वर्षांत लूपवरचा विश्वासच उडाला. म्हणून टेबलावर चढण्याआधी, कपडे अंगावर असताना, तिच्या भाषेत बोलणाऱ्या आशाताईने सांगावं: आता थंड लागेल, आता चिमटा, आता मिनिटभर कळ येईल. मग आशाताईने तिच्या उशाशी उभं राहावं, पायांकडे नाही. बाईने 'थांबा' म्हटलं की हात थांबले पाहिजेत, चिमटा लावलेला असला तरी आणि दाराबाहेर रांग असली तरी.