विश्लेषण : बॉलरूम नृत्यातील ‘लीड’ म्हणजे हुकूम की संवाद?

वॉल्ट्झ पाहणाऱ्याला वाटते, एक जण नेतो आणि दुसरा नुसता मागे जातो. गोव्यातील लग्नाच्या हॉलपासून इंग्लंडमधील ब्लॅकपूलच्या स्पर्धेपर्यंत हा समज आढळतो. त्यामुळे नृत्य फसले की दोष ‘फॉलोअर’च्या माथी मारणे सोपे जाते. प्रत्यक्षात या नात्याचे गणित वेगळे आहे.

संकेत पोहोचतो कसा?

वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप ही पाच ‘स्टँडर्ड’ नृत्ये. त्यांत लीडरचा उजवा हात फॉलोअरच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर आणि फॉलोअरचा डावा हात लीडरच्या दंडावर असतो; उरलेले दोन हात एकमेकांत. ही झाली ‘फ्रेम’. संकेत हातांच्या ओढाताणीतून नव्हे, तर धडाच्या हालचालीतून जातो. लीडर वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेऊ लागला की ते समोरच्याला फ्रेममधून जाणवते. फ्रेम सैल असेल तर संकेत वाटेतच विरतो, ताठर असेल तर त्याचा धक्का बसतो.

फॉलोअरचे काम फक्त ऐकण्याचे?

नाही. आपला तोल आणि आपले वजन फॉलोअरनेच सांभाळायचे असते. बराच वेळ उलट पावली जावे लागत असल्याने मागचे दिसत नाही. म्हणून गर्दीत टक्कर टाळण्याची मुख्य जबाबदारी लीडरवर येते. पाऊल किती लांब पडणार, हेही मागे जाणाऱ्याने मोकळ्या केलेल्या जागेवर अवलंबून असते. फॉक्सट्रॉटच्या ‘नॅचरल टर्न’मध्ये फॉलोअर टाचेवर वळतो. तेवढा वेळ लीडरने दिला नाही तर तोल जातो. याउलट फॉलोअरने अंदाजाने आधीच पाऊल टाकले, तर लीडरने दुसरे काही ठरवले असल्यास दोघे अडखळतात. म्हणजे एकाने सुचवायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे आणि पहिल्याने ते ऐकून पुढचे ठरवायचे.

लीडर पुरुषच हवा का?

ही परंपरा आहे, तंत्राची अट नव्हे. अमेरिकेच्या नॅशनल डान्स कौन्सिलने २०१९ मध्ये जोडीची व्याख्या बदलून स्त्री-पुरुष ही अट काढली. आता जोडी म्हणजे एक लीडर आणि एक फॉलोअर. २०२० मध्ये ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या बीबीसीच्या कार्यक्रमात बॉक्सर निकोला अॅडम्स आणि कात्या जोन्स ही त्या कार्यक्रमातील पहिली समलिंगी जोडी उतरली.

मग बदलायला काय हवे?

नियम बदलले, तरी खरा प्रश्न शिकवणीचा आहे. नवख्या लीडरला ‘घट्ट धर, फिरव’ एवढेच सांगितले, तर तो मनगट पिरगाळतो आणि दुखणे समोरच्याच्या खांद्याला येते. प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीपासून दोन्ही भूमिका करायला लावणे हा यावरचा साधा उपाय. उलट पावली चालून पाहिलेला लीडर ओढत नाही, आणि नेऊन पाहिलेला फॉलोअर घाई करत नाही. यात क्लासचा थोडा वेळ जातो, हे खरे. पण जोडीदाराचे ‘थांब’ शरीराने ऐकू येणे हेच कौशल्य असेल, तर ते अभ्यासक्रमाच्या शेवटी नव्हे, पहिल्याच तासाला शिकवायला हवे.