गाडी दारात, मालक कागदावर

1 एप्रिल 2019च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवण्याची सक्ती झाली, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि त्या निमित्ताने महाराष्ट्रात एक जुने दुखणे वर आले. प्लेटच्या अर्जात चासी नंबर आणि इंजिन नंबर भरावा लागतो आणि तो सरकारी नोंदीशी जुळावा लागतो. नंबर जुळतो, पण गाडी असते दुसऱ्याच्याच नावावर. ज्याच्याकडून ती घेतली त्याच्याही नावावर नसते. त्याच्या आधीच्या किंवा त्याच्याही आधीच्या मालकाचे नाव तिथे तसेच असते.

अशा गाड्या वापरणारे लोक चोर नाहीत. पहाटे दुधाचे कॅन लावून निघणारा गवळी, पिशवीत पक्कड आणि टेस्टर घेऊन फिरणारा वायरमन, रंगाचे डबे नेणारा रंगारी, आठवडी बाजाराला जाणारी भाजीवाली, असे हे लोक आहेत. पंधरा-वीस हजारांत कोणाकडून तरी बाइक घेतली, पैसे रोख मोजले, चावी हातात आली. सोबत आरसी बुकाची झेरॉक्स आणि मूळ मालकाची सही असलेला कोरा टीटीओ (मालकी हस्तांतराचा) फॉर्म. ‘नावावर केव्हाही होईल’ असे विकणाऱ्याने सांगितले आणि घेणाऱ्याने ते खरे मानले. तो कोरा फॉर्मही गाडीबरोबर हातोहात फिरत राहतो आणि मधल्या कोणाचेच नाव कुठे चढत नाही.

मोटार वाहन कायदा 1988चे कलम 50 याबाबत स्पष्ट आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे, राज्याबाहेर विकली तर 45 दिवसांत. घेणाऱ्याने 30 दिवसांत आपले नाव लावून घ्यायचे. विकणाऱ्याचा फॉर्म 29, घेणाऱ्याचा फॉर्म 30. दुचाकीचे सरकारी शुल्कही काही फार नाही. तरीही लोक टाळतात, कारण कामाचा दिवस बुडतो, एजंटाचे पैसे वेगळे जातात आणि गाडी तर नाव न लावताही चालतच असते.

या टाळाटाळीची किंमत कळते ती अपघात झाल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी दिलेल्या एका निकालात गाडी 2007मध्ये विकली गेली होती, मग एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती, आणि 2009मध्ये तिच्या अपघातात एका मुलाचा जीव गेला. न्यायालयाने सांगितले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातग्रस्ताने विक्रीची साखळी शोधत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही, हे न्यायालयाचे म्हणणे रास्तच आहे. पण म्हणजे ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडी देऊन टाकली तो अडकतो. घेणाऱ्याचेही धड नाही. विमा आपल्या नावावर करून घेतला नसेल, तर गाडीचे नुकसान झाल्यावर किंवा ती चोरीला गेल्यावर त्याच्या हाती काही पडेल याची खात्री नसते.

यात आणखी एक गाठ आहे. माल विक्री कायदा 1930नुसार पैसे देऊन, ताबा घेऊन व्यवहार पुरा झाला की वस्तू घेणाऱ्याची होते, आरटीओतली नोंद असो वा नसो. म्हणजे एका कायद्याने गाडी गवळ्याची, दुसऱ्या कायद्याने ती त्याने कधी तोंडही न पाहिलेल्या माणसाची.

नोंदीतला मालक सापडला तर प्रश्न सुटतो. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म 26 भरून दुय्यम प्रत मिळते, पण तो अर्ज त्यानेच करायचा असतो. तो वारला असेल तर वारस फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घेऊ शकतात आणि मग पुढे देऊ शकतात. सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीसाठी फॉर्म 32 आहे. नोंदीवर कर्जाचा बोजा असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची सही असलेला फॉर्म 35 लागतो. इथे महाराष्ट्रातली खास अडचण येते ती बुडालेल्या पतसंस्थांची. कर्ज फिटून दहा वर्षे झालेली असतात, पतसंस्थेच्या शटरला कुलूप असते, आणि सहीसाठी अवसायकाचे कार्यालय गाठावे लागते.

गाडी फार जुनी असेल तर तिची नोंद संगणकावर चढलेलीही नसते. मग आरटीओच्या जाडजूड नोंदवहीतून उतारा काढून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. त्याआधी गाडी तपासणीसाठी उभी करायची. बुलेटसारख्या गाडीचा चासी नंबर हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. रॉकेलच्या बोळ्याने तिथले ग्रीस आणि रंगाचे पापुद्रे हलकेच काढायचे, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासत जायची. एकेक आकडा काळ्यावर पांढरा उमटतो. हीच ती चासी प्रिंट. उत्साहाच्या भरात कुणी पॉलिश पेपर मारला आणि आकडे पुसट झाले, की साधी गाडी संशयित ठरते.

हे सारे करायची तयारी आहे, पण नोंदीतला मालकच सापडत नाही, अशा माणसाने काय करायचे? दिवाणी न्यायालयात मालकी हक्क जाहीर करून घेण्याचा दावा लावायचा. वीस हजारांच्या बाइकसाठी वकील, कोर्ट फी आणि तारखांवर तारखा. असा दावा कोणी लावत नाही. लोक गाडी तशीच चालवतात, नाकाबंदी दिसली की गल्ली धरतात, आणि शेवटी चार पैसे कमी घेऊन ती पुढच्या गरजवंताच्या गळ्यात घालतात.

सरकारची भीती समजण्यासारखी आहे. कागद सहज मिळू लागले तर चोरीची गाडी धुऊन निघेल. 10 नोव्हेंबर 2025 रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, तीही अनेक हातांतून गेलेली होती आणि नोंद आधीच्या मालकाच्या नावावर राहिली होती. पण या घटनेतून निष्कर्ष उलटा निघतो. नोंद होण्याची वाट अवघड ठेवल्याने गाड्या रस्त्यावरून हटत नाहीत, त्या फक्त नोंदीबाहेर जातात.

दुसरीकडे याची वाट काढलेली आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कागद नसलेली गाडी चोरीची नाही अशी खात्री झाली, की घेणारा गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा हमी बाँड देतो आणि त्याला मालकीपत्र मिळते. तीन वर्षांत खरा मालक पुढे आला तर त्याला त्या बाँडमधून भरपाई मिळते. आपल्याकडेही साधने आहेत. चोरीच्या गाड्यांची देशभरची माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे, केंद्राच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत देशभरातल्या बहुतेक नोंदी आहेत.

इच्छा असली की नियम होतात, हेही दिसले आहे. 2021मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले, त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका दिली, नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क ठरवले. डिसेंबर 2022मध्ये जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नियम आले. विक्रीला दिलेली गाडी विक्रेत्याच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारी त्याची, हे त्यात मान्य झाले. हौशी संग्राहकाचा विचार झाला, शोरूमवाल्याचा झाला. नाक्यावरच्या गॅरेजमधून बाइक घेणाऱ्याचा मात्र राहून गेला.

त्याच्यासाठी परिवहन विभागाने एक ठरावीक पद्धत आखावी आणि त्यासाठी लागेल तो नियमबदल केंद्राकडून करून घ्यावा. सुरुवात पंधरा वर्षांहून जुन्या दुचाकींपासून करता येईल. घेणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, गाडीची आणि चासी नंबरची प्रत्यक्ष तपासणी, चोरीच्या नोंदींशी पडताळणी, नोंदीतल्या मालकाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने नोटीस, आरटीओच्या फलकावर तीस दिवस जाहीर सूचना. हरकत आली नाही तर हमीपत्र घेऊन नाव लावावे, आणि तीन वर्षे त्या नोंदीवर तसा शेरा ठेवावा. थकलेला कर आणि दंड घ्यावा, पण तो गाडीच्या किमतीला गिळणार नाही इतकाच. आरटीओच्या तालुक्यातल्या शिबिरांत हे काम घेतले, तर कामाचा दिवसही बुडणार नाही.

तोवर निदान विकणाऱ्याने स्वतःपुरते एक काम करावे. गाडी दिली त्याच आठवड्यात फॉर्म 29 भरून आरटीओत द्यावा, पोच घ्यावी, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि तारखेसह सही केलेली पावती जपून ठेवावी, आणि कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सही करायला साफ नकार द्यावा.