अद्भुताची किंमत : ‘द गोल्डन कंपास’ आणि माध्यमांतराची कसोटी

कादंबरीवर आधारलेल्या चित्रपटाचे परीक्षण लिहावयास बसले की पुष्कळदा प्रथम एक यादी तयार होते. अमुक पात्र वगळले, तमुक प्रसंग मागेपुढे केला, शेवट बदलला. अशी यादी परिश्रमाने केलेली असली तरी तिला समीक्षा म्हणता येत नाही. सुमारे चारशे पानांची कादंबरी दोन तासांच्या आत पडद्यावर आणावयाची तर काटछाट अटळ असते. म्हणून ‘काय वगळले?’ एवढ्यावर न थांबता ‘जे वगळले त्यावर कथेतील आणखी काय उभे होते?’ असे विचारावयास हवे. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. कारण अशा वेळी कात्री चालविणाऱ्याच्या मनात केवळ लांबीचा हिशेब नसतो, तर ‘मुलांना हे सोसेल काय?’ ही शंकाही असते.

फिलिप पुलमन यांच्या कादंबरीवरून क्रिस वाइट्झ यांनी दिग्दर्शित केलेला ‘द गोल्डन कंपास’ (२००७) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मूळ कादंबरी १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये ‘नॉर्दर्न लाइट्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. अमेरिकेत तिला ‘द गोल्डन कंपास’ हे नाव मिळाले. ‘हिज डार्क मटेरिअल्स’ या त्रयीचा तो पहिला भाग होय. बालकुमार साहित्यासाठी दिले जाणारे ब्रिटनमधील कार्नेगी पदक तिला लाभले. चित्रपटात निकोल किडमन, डॅनियल क्रेग असे नामवंत कलावंत आहेत, आणि लायरा या नायिकेची भूमिका डकोटा ब्लू रिचर्ड्‌स या बालकलावतीने केली आहे. एवढी अनुकूलता असूनही हा चित्रपट पाहून झाल्यावर मनात फारसे काही उरत नाही. त्याचे कारण त्याने केलेल्या एका निवडीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कल्पिताचा नियम

अद्भुत साहित्यात काहीही घडू शकते, असा एक गैरसमज रूढ आहे. वस्तुतः चांगल्या अद्भुतकथेत वास्तववादी कथेपेक्षाही नियम अधिक कडक असतात. पुलमन यांच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा देहाबाहेर, प्राण्याच्या रूपात, त्याच्या सोबत वावरतो. त्याला ‘डीमन’ म्हणतात. माणूस आणि त्याचा डीमन एकमेकांपासून फार दूर जाऊ शकत नाहीत. अंतर वाढले की दोघांनाही असह्य वेदना होतात. दुसऱ्याच्या डीमनला स्पर्श करणे घोर निषिद्ध. मुलांचे डीमन क्षणोक्षणी रूप पालटतात. वयात येताच मात्र ते एका रूपात कायमचे स्थिर होतात. लायराचा डीमन पॅन्टालायमन हा कधी पतंग होतो, कधी रानमांजर, कधी पक्षी. कुमारवयाची चंचलता आणि प्रौढपणी येणारी स्थिरता यांचे इतके सुबोध प्रतीक क्वचितच कोणास सुचले असेल.

या कल्पनेतूनच कथेतील भय जन्मास येते. ‘डस्ट’ नावाचे अदृश्य कण प्रौढांकडे ओढले जातात, मुलांकडे नाही. ‘मॅजिस्टेरिअम’ या धर्मसत्तेला ते पापाचे चिन्ह वाटते. म्हणून उत्तरेकडील बोल्व्हांगर येथे पळवून आणलेल्या मुलांना, ती वयात येण्यापूर्वीच, यंत्राच्या पात्याने त्यांच्या डीमनपासून तोडले जाते. त्यांना पापापासून वाचविणे, असे या कृत्याचे समर्थन केले जाते. मुलांच्या भल्यासाठी म्हणून त्यांचे वाढणेच थांबविणारे प्रौढ हे या कादंबरीचे खरे प्रतिनायक आहेत.

नियम कडक असेल तर तो मोडल्याची किंमतही कथेने दाखवावी लागते. कादंबरी ती दोनदा दाखवते. एका निर्जन झोपडीत लायराला टोनी नावाचा मुलगा सापडतो. डीमनपासून तोडलेला हा मुलगा वाळलेला मासा छातीशी कवटाळून बसलेला आहे आणि आपला डीमन कोठे आहे, एवढेच विचारतो आहे. तो जगत नाही. त्याच्या हातातला मासाही कोणी काढून घेतल्याचे कळताच लायरा संतापते आणि एका सोन्याच्या नाण्यावर त्याच्या डीमनचे नाव कोरून ते नाणे मृत मुलाच्या मुखात ठेवते. दुसरी किंमत अखेरच्या प्रकरणांत चुकवावी लागते. लायरा आपला मित्र रॉजर याला संकटातून सोडवून लॉर्ड एस्रिएलकडे, म्हणजे आपल्या पित्याकडे, घेऊन जाते. पित्याला हवे असलेले सत्यदर्शक यंत्र आपण नेत आहोत, अशी तिची समजूत असते. त्याला हवे असते एक मूल. तो रॉजरला त्याच्या डीमनपासून तोडतो, त्यातून मुक्त झालेल्या शक्तीने दुसऱ्या जगाची वाट उघडतो, आणि रॉजर मरतो. ज्याला वाचविण्यासाठी लायरा घराबाहेर पडली, त्याला तिनेच मृत्यूच्या दारी पोहोचविले. हे दुःख सोबत घेऊन ती त्या नव्या जगात पाऊल टाकते.

चित्रपटाने काय केले?

चित्रपटात या दोन्ही जागा बदलल्या आहेत. झोपडीत सापडणारा मुलगा येथे बिली कोस्टा आहे, आणि लायरा त्याला त्याच्या आईपाशी परत पोहोचवते. अस्वलांच्या राज्यातील द्वंद्व कादंबरीत बोल्व्हांगरच्या नंतर येते. चित्रपटात ते आधी येते, त्यामुळे बोल्व्हांगरची लढाई आणि मुलांची सुटका हाच कळस ठरतो. त्यानंतर लायरा, रॉजर आणि त्यांचे सोबती हवाई यानातून एस्रिएलच्या भेटीस निघतात; लायरा उमेदीने भविष्याविषयी बोलते, आणि तेथेच चित्रपट संपतो. अखेरचे प्रसंग चित्रित झाले होते. परंतु ते पुढील भागासाठी राखून ठेवण्यात आले. तो भाग कधीच निघाला नाही.

प्रसंगांचा क्रम बदलणे हा दोष नव्हे. धर्मसत्तेचा उल्लेख सौम्य केला, हेही एक वेळ समजून घेता येईल; तरीही अमेरिकेतील कॅथलिक लीग या संघटनेने बहिष्काराचे आवाहन केलेच. खरी हानी शेवट गाळल्याने झाली. रॉजरच्या मृत्यूवाचून डीमनचे नाते केवळ शोभेचे राहते. चित्रपटातील प्राणी मोहक आहेत. दृश्यपरिणामांसाठी त्याला २००८ मध्ये ऑस्करही मिळाले. परंतु ते नाते तुटल्यावर काय होते याची झळ प्रेक्षकाला शेवटपर्यंत लागत नाही. रससिद्धांताच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अद्भुताचा विस्मय आहे. त्याला खोली देणारा शोक मात्र काढून घेतला आहे. मूळ कृतीत हे दोन्ही भाव एकमेकांना बिलगून होते. मुलांच्या हितासाठी म्हणून त्यांची ताटातूट केली गेली. बोल्व्हांगरमधील प्रौढांचा युक्तिवादही याहून फार निराळा नव्हता. ही तुलना कठोर वाटेल. पण चित्रपटाने आपल्याच कथेचा आशय ऐकला नाही, हे तिच्यामुळे स्पष्ट होते.

दोन आक्षेप

याविरुद्ध पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, चित्रपटाला वेळेची मर्यादा असते. बीबीसी आणि एचबीओ यांच्या २०१९ च्या मालिकेने पहिल्या पर्वात रॉजरचा मृत्यू दाखविला खरा. पण तिच्यापाशी आठ भागांचा अवकाश होता. हा आक्षेप वजनदार आहे, परंतु पुरेसा नाही. चित्रपटाने द्वंद्वाला आणि लढाईला भरपूर वेळ दिला आहे. शेवट वगळण्याचे कारण वेळेचा अभाव एवढेच असते, तर काट या प्रसंगांनाही बसली असती. शेवट पुढील भागासाठी राखून ठेवला, हे समर्थनही टिकत नाही. प्रत्येक कलाकृतीला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. कादंबरी त्रयीचा पहिला भाग असूनही स्वतंत्रपणे पूर्ण वाटते, ती याच शेवटामुळे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे : लहान प्रेक्षकांना एका मुलाच्या मृत्यूचे दर्शन घडवावे काय? याचे उत्तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रपटात सापडते. कॅथरीन पॅटरसन यांच्या १९७७ मधील कादंबरीवर आधारलेला ‘ब्रिज टू टेराबिथिया’ २००७ मध्येच प्रदर्शित झाला. दोन मुले ओढ्यापलीकडील रानात एक काल्पनिक राज्य उभारतात, आणि एके दिवशी त्यांतील मुलगी ओढा ओलांडताना बुडून मरते. लेखिकेच्या मुलाच्या बालमैत्रिणीचा वीज पडून झालेला मृत्यू या कादंबरीच्या मुळाशी होता. तोच मुलगा पुढे या चित्रपटाचा एक पटकथाकार झाला. त्याने तो मृत्यू टाळला नाही. या चित्रपटात अद्भुताचा अंश तुलनेने थोडा आहे, हे खरे. पण तो मुलांसाठी काढलेला होता, आणि मुलांनी तो स्वीकारला. निर्मितीखर्चाच्या अनेक पट उत्पन्न त्याने मिळविले. उलट सुमारे १८ कोटी डॉलर खर्चून काढलेल्या ‘द गोल्डन कंपास’ला अमेरिकेत सुमारे ७ कोटी डॉलरच मिळाले, परदेशांत तो बऱ्यापैकी चालला, तरी निर्मात्यांनी तेथील हक्क आधीच विकलेले होते. उत्पन्नावरून कलाकृतीची थोरवी ठरत नाही. परंतु शेवट गोड केला म्हणजे प्रेक्षक येतात, हा समज तरी या आकड्यांपुढे टिकत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला हे मुळीच नवे वाटू नये. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ पासून मराठी मुले वाचीत आली आहेत, आणि त्या पुस्तकाची वाटचाल आईच्या मृत्यूकडेच होते. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला, तेव्हा बालप्रेक्षकांच्या काळजीने त्यांनी आईला जगविले नाही. पिढ्यानपिढ्या मुले त्या दुःखाला सामोरी गेली, रडली आणि त्यातून काही शिकली.

परीक्षकाचे काम

यावरून माध्यमांतरित चित्रपटाच्या परीक्षणासाठी एक कसोटी हाती लागते. कादंबरीशी चित्रपट किती प्रामाणिक आहे, हा प्रश्न दुय्यम मानावा. कथेने घातलेला मुख्य नियम कोणता, तो मोडल्याची किंमत कोण चुकवतो, आणि ती किंमत पडद्यावर चुकविली जाते काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. ‘श्यामची आई’सारखी वास्तवाच्या जवळची कृती असो वा पुलमन यांची कल्पित सृष्टी असो, हे प्रश्न दोहोंना लागू पडतात. प्रसंग बदलूनही एखादा चित्रपट या कसोटीला उतरू शकतो, आणि बहुतेक प्रसंग जसेच्या तसे ठेवूनही एखादा फसू शकतो.

कुमारवयीन वाचक हा अर्धा वाचक नव्हे. बारा-तेरा वर्षांच्या ज्या मुलीने कादंबरीत रॉजरचा मृत्यू वाचला आणि तरीही पुस्तक मिटले नाही, तिला चित्रपटगृहात मात्र त्यापासून जपावयाचे ठरविले गेले. तिच्या सोसण्याविषयीचा हा अविश्वास परीक्षणात स्पष्ट शब्दांत नोंदविला गेला पाहिजे. कारण ज्या शेवटापासून तिला जपले, त्यासाठीच ती कथा लिहिली गेली होती.