आधी नाते सिद्ध करा: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



औद्योगिक न्यायालयाच्या आवारात अनुचित कामगार प्रथेविरुद्धच्या ज्या तक्रारीला सगळे ‘यूएलपी टाकणे’ म्हणतात, तिच्याविषयी हे पत्र आहे. ती ज्या कायद्याखाली होते, त्याचे पूर्ण नाव एका दमात घेता येत नाही: महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१. नाव लांबलचक असले, तरी आपल्या विधिमंडळाने केलेल्या कामगार कायद्यांत मला हाच सर्वांत धीट वाटतो. केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यात अनुचित प्रथांची यादी लागू झाली ती १९८४ साली. तिथे अशी प्रथा म्हणजे फक्त गुन्हा होता, आणि खटला भरायचा तर सरकारची संमती लागायची. आपल्याकडे कामगार किंवा त्याची युनियन ९० दिवसांच्या आत स्वतः न्यायालयात जाते, अंतरिम आदेश मागते, आणि आदेश धुडकावणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा एकेकाळी मोकळ्या मनाने वाचला होता. १९९५ साली हिंदुस्थान लिव्हरच्या खटल्यात प्रश्न आला, की बडतर्फीचा हुकूम हातात पडण्याआधी तक्रार करता येते का? न्यायालय म्हणाले, येते. प्रथेला ‘प्रतिबंध’ करण्यासाठी केलेला कायदा नोकरी जाईपर्यंत वाट पाहायला लावणार नाही.

आता दोन निकाल शेजारी शेजारी ठेवतो. दोन्ही झाडलोट करणाऱ्यांचे आहेत.

पहिला एसटीचा. आगारात बसगाड्या झाडणारे-धुणारे कामगार वर्षानुवर्षे नैमित्तिक म्हणूनच राबत होते. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब नेमकी याच चलाखीसाठी लिहिलेली आहे: कायमपणाचे फायदे द्यावे लागू नयेत म्हणून माणसाला बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता ठेवणे. कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटनेने तिच्याच आधारे लढा दिला. महामंडळाने २००६ च्या ‘उमादेवी’ निकालाची ढाल पुढे केली. सार्वजनिक सेवेत अशा रीतीने कायम करता येत नाही, असे घटनापीठाने म्हटले होते ना! २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की त्या निकालाने औद्योगिक न्यायालयाचा १९७१ च्या कायद्याखालचा अधिकार काढून घेतलेला नाही. अनुचित प्रथा सिद्ध झाली, तर ते न्यायालय कायम करण्याचा आदेश देऊ शकते.

दुसरा निकाल सिप्लाचा, २००१ चा. मुंबईच्या कारखान्यात साफसफाई करणारे कामगार ठेकेदारामार्फत आलेले. ठेका केवळ कागदोपत्री आहे, आम्ही खरे कंपनीचेच, असे युनियनचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालक-कामगार हे नातेच जिथे वादात आहे, तिथे या कायद्याखालची तक्रार चालणार नाही. आधी दुसरीकडे जाऊन नाते सिद्ध करा, मग इकडे या. २००३ मध्ये इंडियन स्मेल्टिंगच्या खटल्यातही हीच भूमिका राहिली. नाते आधीपासून निर्विवाद असेल, तरच दार उघडणार. ठेकेदाराच्या माणसाचे नाते कंपनीने कबूल केलेले असण्याची शक्यता किती, हे आपल्याला मी सांगायला नको.

हातातला झाडू एकच. फरक एवढाच, की एका ठिकाणी पगार मालक देत होता आणि दुसऱ्या ठिकाणी मध्ये ठेकेदार उभा होता.

व्यवस्थापनांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला. हजेरीपटावर तात्पुरता माणूस ठेवला, की २४० दिवस भरू नयेत म्हणून ‘ब्रेक’ द्या, तरीही सहाव्या बाबीची टांगती तलवार आहेच. ठेकेदार आणला, की निर्धास्त. चाकण असो, रांजणगाव असो की वाळूज, कुठल्याही पाळीला फाटकाशी उभे राहून पाहावे. यंत्र कंपनीचे, हुकूम सोडणारा सुपरवायझर कंपनीचा, आणि पीएफ मात्र ठेकेदाराच्या कोडवर. ठेकेदार बदलतो, माणसे तीच राहतात. त्यांच्यातल्या कुणी युनियनची पावती फाडली, तर काढून टाकण्याचीही गरज पडत नाही. दुसऱ्या दिवशी गेटपास चालत नाही, एवढेच. कायद्याच्या भाषेत याहून अस्सल अनुचित प्रथा सापडणे कठीण. पण तक्रार करायची कोणाविरुद्ध?

संघटनेच्या हक्काचीही हीच गत. १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासदत्व लागते, तेही आधीच्या पूर्ण ६ महिन्यांचे. केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत एकट्या वाटाघाटी करणाऱ्या युनियनसाठी ५१ टक्क्यांची अट आहे, आणि टक्केवारी काढायची ती हजेरीपटावरच्या कामगारांची. ठेकेदाराचा माणूस कंपनीच्या त्या पटावर नाहीच. मग मान्यताप्राप्त युनियन बोलते ती कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कायम कामगारांसाठी, आणि तिच्या करारात शेजारच्या मशीनवरचा माणूस नसतो. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपापासून आपण पाहतो आहोत, की मान्यता एकीकडे आणि कामगार दुसरीकडे असले म्हणजे काय होते.

उद्योजकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. यूएलपीची कारवाई झटपट स्वरूपाची, तिच्यात ठेका खरा की खोटा हा किचकट प्रश्न कसा सोडवणार? आश्चर्य वाटते. याच न्यायालयांत साक्षीपुरावे होतात, उलटतपासणी चालते, आणि निकालाला वर्षे लागतात. झटपटपणा फक्त कायद्याच्या पुस्तकात उरला आहे. शिवाय तक्रारीतून उद्भवणारे सर्व प्रश्न ठरवण्याचा अधिकार कलम ३२ देतेच. काही युनियननी अंतरिम आदेशांचा गैरफायदा घेतला, हेही खरे. त्यासाठी तिसरी अनुसूची आहे. मालकही तक्रार करू शकतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेने ३ केंद्रीय कायदे रद्द केले. रद्द करण्याच्या कलमात आपल्या १९७१ च्या कायद्याचे नाव नाही. व्यावसायिक सुरक्षा संहितेने मुख्य कामात कंत्राटी कामगार नको असे म्हणता म्हणता झाडलोट आणि सफाई ‘मुख्य कामा’च्या व्याख्येतून वगळली. म्हणजे सिप्लातल्या त्या कामगारांची वाट आणखी अरुंद झाली.

म्हणून दोन मागण्या. १९७१ चा कायदा राज्य सरकार टिकवणार की संहितेत विरघळू देणार, हे सभागृहात स्पष्ट सांगावे; कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि राष्ट्रपतींच्या संमतीचा मार्ग राज्याला खुला आहे. आणि टिकवणार असाल, तर एक दुरुस्ती आणावी: नाते वादात आहे एवढ्यावरून तक्रार फेटाळता येणार नाही, तो मुद्दा तक्रार ऐकणारे न्यायालयच आधी ठरवील, आणि तो ठरेपर्यंत तक्रारदाराचा गेटपास बंद होणार नाही. मसुदा चार ओळींचा आहे. तो आणताना ठेकेदारांच्या संघटनांशी चर्चा होईलच. ठेक्यावरच्या सफाई कामगारांनाही मंत्रालयात एकदा बोलवावे.

आपला,
औद्योगिक न्यायालयात कामगारांच्या बाजूने उभा राहणारा एक वकील