वाटेत पानिपत, शेवटी विजयदुर्ग

मोहालीच्या सेक्टर ६७ मधून दिल्लीकडे गाडी निघाली की अंबाला, कुरुक्षेत्र, कर्नाल मागे पडतं आणि पानिपत येतं. पत्ता मोहालीचा असला तरी नातेवाईक ज्याला ‘चंदीगडचं घर’च म्हणतात, त्या घरात राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने तीस वर्षांत हे पानिपत इतक्या वेळा पार केलं आहे, की काला आंबच्या स्मारकाची पाटी दिसली की काकू नुसते हात जोडतात आणि काका गाडीचा वेग जरा कमी करतात. थांबणं सुटलं, हात जोडणं सुटलेलं नाही.

निवृत्तीनंतर काकांनी जाहीर केलं, की यंदा गाडीनेच कोकणात जायचं आणि अलिबागपासून मालवणपर्यंतचे किनाऱ्यावरचे किल्ले बघायचे. त्यांचं वय सहासष्ट, काकूंचे गुडघे दुखरे आणि नुसती मुंबईच दीड हजार किलोमीटरहून लांब. मुलीने फोनवर दोघांना वेड्यात काढलं. काकांनी तरीही वहीत चौदा किल्ल्यांची यादी केली, तारखा टाकल्या.

यादीत एक गाव मात्र नव्हतं. ते देवगड तालुक्यातलं त्यांचं स्वतःचं. तिथल्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. काकूंनी यादी वाचली, वही मिटली आणि लाडूंचा डबा भरायला घेतला. त्यांनी डबा जरा मोठाच घेतला होता, हे काकांच्या लक्षात आलं नाही.

जंजिऱ्याला दोघं राजपुरीहून शिडाच्या होडीने गेले. होडी तटाला भिडेपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि हलत्या होडीत बसून शोधणं वेगळं. शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना जो मिळाला नाही, तो किल्ला बघताना काका हिरमुसले. काकूंचं लक्ष होडीतून पायरीवर उतरवणाऱ्या नावाड्याच्या हाताकडे होतं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी होडीच्या किल्ल्यांना जाताना भरती-ओहोटीची वेळ विचारूनच निघावं. पाणी पुरेसं असलं तर उतरणं सोपं जातं. पावसाळ्यात तर या होड्या बंदच असतात.

किनाऱ्याने गाडी हाकायची म्हणजे खाड्यांशी जमवून घ्यावं लागतं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशी चार ठिकाणी गाडी सरळ फेरीबोटीवर चढते आणि तासन्‌तासांचा वळसा वाचतो. पंजाबचा नंबर पाहून बोटीवरची माणसं हिंदीत बोलायला लागत, काका मालवणीत उत्तर देत आणि मग चौकशीला ऊत येई. काकूंना हाच प्रवास सगळ्यात आवडला. ‘‘किल्ले तुमचे, खाड्या माझ्या,’’ त्या म्हणाल्या. वेश्वीच्या बोटीतून सावित्रीच्या मुखाकडे कुणीतरी बाणकोटचा किल्ला दाखवला. तो यादीत नव्हता. काका थांबले नाहीत.

हर्णैला यादी मोडली. वारा सुटलेला, सुवर्णदुर्गाला होडी न्यायला कुणी तयार होईना. काका चिडले. काकूंनी त्यांना मासळीच्या लिलावाला नेलं, रात्री सुरमई खाऊ घातली आणि सकाळी कनकदुर्गावरून समोरचा सुवर्णदुर्ग दाखवला. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातला एक लांबूनच बघायला मिळाला, ही रुखरुख काकांनी पुढे रत्नागिरीपर्यंत बोलून दाखवली.

विजयदुर्गाला होडी लागत नाही. रस्ता थेट दाराशी नेतो. एकामागे एक अशा तीन तटांची ती रचना पाहता पाहता काकू एका बुरुजाच्या सावलीत टेकल्या, आणि काकांनी बरोबर आणलेलं पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले. पुढे मुलांत भांडणं लागली. थोरल्या बाजीरावांनी मध्यस्थी करून वाटणी करून दिली. कुलाबा मानाजीला, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजीला. संभाजीच्या मागे तुळाजी आला. तो काही साधुसंत नव्हता. पेशव्यांना जुमानत नव्हता, त्यांच्या मुलखालाही उपद्रव देत होता. पण त्याच्या गलबतांना इंग्रज दचकून होते. त्याला आवरायला नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांनाच हाक मारली! १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून विजयदुर्गावर आले, जमिनीवरून पेशव्यांच्या फौजेचा वेढा होताच. तुळाजी त्या वेळी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेला. पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर तोफगोळा पडला, आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि आंग्र्यांचं आरमार या तटाखाली जळून गेलं. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिला. इंग्रज किल्ला सोडायला तयार होईनात. त्याच वर्षीच्या तहात तो पेशव्यांना मिळाला, पण बदल्यात बाणकोट द्यावं लागलं.

‘‘बाणकोट म्हणजे त्या बोटीतून दिसलं ते?’’ काकूंनी विचारलं.

‘‘तेच.’’

हाच क्लाइव्ह पुढच्या वर्षी, जून १७५७ मध्ये, प्लासीला लढला. आणि आणखी चार वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. ते पानिपत भाषेत शिरलं. आजही कुणाचा धुव्वा उडाला की त्याचं ‘पानिपत झालं’ म्हणतात. इथे आपल्याच माणसांनी परक्याच्या मदतीने आपलंच आरमार जाळू दिलं, त्याला मराठीत एक म्हणसुद्धा नाही. शत्रूशी लढून हरलं तर सांगता येतं. हे कसं सांगणार?

काका वाचायचे थांबले. काकू गुडघा चोळत खाडीकडे बघत होत्या. या वाघोटण खाडीत आत आंग्र्यांची गोदी होती.

‘‘अहो, वाटणी पेशव्यांनीच करून दिली होती ना?’’

‘‘हो.’’

‘‘आणि शेवटी किल्ला त्यांनाच मिळाला.’’

‘‘किल्ला मिळाला. जहाजं गेली.’’ काकांनी पुस्तक मिटलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, ‘‘वकिलाची पुढची तारीख कधी आहे गं?’’

‘‘महिनाअखेरीला.’’ आणि थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, ‘‘इथून आपलं घर पाऊण तास. भावोजी दुपारी घरीच असतात.’’

‘‘तुला काय माहीत?’’

‘‘गेली नऊ वर्षं दर दिवाळीला जाऊबाईंशी फोनवर बोलते मी.’’

काका काहीच बोलले नाहीत. गाडीशी आल्यावर त्यांनी मागच्या सीटवरचा लाडूंचा डबा उघडून पाहिला. तो निम्म्याहून जास्त भरलेला होता. तो त्यांनी पुढे, काकूंच्या मांडीवर ठेवला.

मालवणला ती दोघं ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा पोहोचली. सिंधुदुर्गाच्या होडीत चौघं होती.